मुरमाच्या वाटेवरची सायकल

नाशिक शहरातून कोणत्याही दिशेने सायकल बाहेर काढली, तरी पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये चिंता एकच असते, ती मागून येणाऱ्या वाहनाची. मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता, त्र्यंबक रस्ता, पेठ रस्ता हे येथील सायकलस्वारांच्या नेहमीच्या सरावाचे रस्ते. मात्र सकाळ उजाडली, की मालमोटारी आणि पर्यटकांच्या मोटारींच्या वर्दळीत तेथे निर्धास्तपणे सायकल चालविणे दुरापास्त होते. या शहराचे सायकलप्रेम सर्वश्रुत आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या संघातून पूर्ण केली. नाशिकमध्ये सेवा बजावणारे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. हे सारे पराक्रम डांबरी रस्त्यावरचे. डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागणारा 'ग्रॅव्हल सायकलिंग' हा प्रकार आपल्याकडे तुलनेने नवा असला, तरी त्याला लागणारी वाट मात्र नाशिक जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे.

ग्रॅव्हल सायकल ही शर्यतीची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे, चढासाठी हलके गिअर आणि टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ मध्ये सुरू झालेल्या कच्च्या रस्त्यावरील दोनशे मैलांच्या शर्यतीने या प्रकाराला प्रसिद्धी दिली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. यात एक गंमत आहे. आपल्याकडचा दूधवाला ज्या काळ्या, दणकट सायकलला कॅन अडकवून गावोगाव फिरत आला, तिचा टायर दीड इंची, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटरचा. आजच्या महागड्या ग्रॅव्हल सायकलचा टायरही बहुधा याच मापाचा असतो!

'ग्रॅव्हल'साठी खडी हा शब्द सुचतो. पण सायकलस्वाराला खडी नको असते, मुरूम हवा असतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट झिजून, कुजून जो तांबूस, भरड मुरूम तयार होतो, तो पाणी झिरपू देतो आणि एक-दोन पावसांत दाबून बसला, की त्यावर चाक सुरेख चालते. खडीकरण करून डांबराची वाट पाहत पडलेला रस्ता मात्र टाळावा. यंत्रावर फोडलेल्या खडीच्या धारदार कडा टायरची बाजू चिरतात आणि अशी चिरलेली बाजू वाटेत दुरुस्त होणे कठीण.

या वाटा शोधायच्या कोठे? पहिले उत्तर गावनकाशात आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे रस्ते, शिवरस्ते, पाणंद, गाडीमार्ग आणि पायमार्ग यांची नोंद इंग्रजी अमदानीतील भूमापनापासून होत आली आहे. त्या नोंदींप्रमाणे ग्रामीण गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात यांतील कितीतरी वाटा बांधाच्या पोटात गेल्या. अडविलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांना आहे. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आणली. ही सारी खटपट शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी आणि ट्रॅक्टरसाठी आहे, शहरी हौसेसाठी नाही. सायकलस्वार तेथे पाहुणा आहे, हे त्याने विसरू नये.

दुसरे उत्तर कालव्यांच्या काठी. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे इंग्रजांच्या काळात निघाले. त्यांच्या कडेने पाटबंधारे खात्याचा निरीक्षण मार्ग असतो. कालवा समपातळीच्या रेषेला धरून वळणे घेत जात असल्याने हा मार्ग जवळपास सपाट असतो. नवख्यांसाठी याहून सोपी वाट नाही. मात्र ही वाट सरकारी खात्याची आहे. फाटक बंद असेल तेथून मागे फिरावे. नांदूर मधमेश्वरचे अभयारण्य हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्ष्यांची दाटी असते, तेव्हा पाणथळीच्या काठाने सायकल न नेता ती बाहेर ठेवून पायी जाणेच योग्य.

डोंगराची ओढ असणाऱ्यांनी पश्चिमेला वळावे. गंगापूर धरणाच्या फुगवट्यामागे गिरणारे, धोंडेगाव या बाजूने काश्यपी धरणाकडे जाताना मुख्य रस्त्याला मुरमाच्या अनेक वाटा फुटतात. त्र्यंबकहून पहिनेमार्गे घोटीकडे जाणारा रस्ता डांबरी असला, तरी ऊर्ध्व वैतरणा जलाशयाच्या बाजूला उतरणाऱ्या वाड्यापाड्यांच्या वाटा शांत आहेत. एका हाताला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे कडे, दुसऱ्या हाताला भातखाचरे. हा प्रदेश काही आल्प्स नव्हे. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंचीही १६४६ मीटरच आहे. पण चढ तितकाच दमवितो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आणि पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा या काळात मात्र त्र्यंबकच्या बाजूला जाऊ नये. तेव्हा त्या वाटा चालणाऱ्यांच्या असतात.

हंगामाचे गणित तालुक्यागणिक बदलते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर नाशिक शहरात साधारण सातशे. निफाडकडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर शिरू नये. ती चाकाला आणि फ्रेमला अशी लिंपते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पश्चिमेचा मुरूम मात्र उघडीप मिळताच दोन दिवसांत चालण्याजोगा होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पण द्राक्षबागांमधल्या वाटांवर छाटणीनंतर औषधांची फवारणी सुरू असते. ब्लोअरचा आवाज कानी पडला, तर वाट बदलावी. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तेथे अंधारात, एकट्याने जाण्याचे साहस करू नये. रोजचा खरा शत्रू मात्र सराटा. पावसाळ्यानंतर वाळलेल्या या वेलीचे काटे आणि बाभळीचे काटे ट्यूबची चाळण करतात. त्यामुळे आत द्रवरूप सीलंट असलेले ट्यूबलेस टायर येथे चैन नसून गरज आहे. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४५ पीएसआय हवा पुरते. अधिक भरली, तर सायकल मुरमावर उड्या मारते.

आता मुख्य प्रश्न. या वाटा निर्मनुष्य नाहीत, केवळ निर्वाहन आहेत आणि त्याही त्यांवर डांबर नाही म्हणून. अंजनेरीचा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. तेथे मुळेगावच्या बाजूने गडावर रस्ता नेण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये पुढे आला, तेव्हा गिधाडांच्या अधिवासाचा आणि दुर्मीळ वनस्पतींचा दाखला देत निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला. तो विरोध रास्त होता. परंतु तोच न्याय पाड्यावर जाणाऱ्या वाटेला लावता येणार नाही. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागणाऱ्या वस्तीला 'तुमचा मुरूम आम्हाला आवडतो' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तेथे रस्ता व्हायलाच हवा.

मागता येते ते वेगळे आहे. इटलीतील पिडमाँट प्रांतात आसिएता नावाचा जुना लष्करी कच्चा रस्ता आल्प्सच्या धारेवरून, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवरून जातो. जुलै आणि ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा तो मोटारींना बंद असतो. त्या दिवशी तो पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा. आपल्याकडेही पावसाळी पर्यटनाच्या गर्दीत भंडारदरा परिसरात एकेरी वाहतूक केली जाते. म्हणजे वाहतुकीचे नियमन प्रशासनाला अपरिचित नाही. घोटी-बारीमार्गे नाशिककरांना जवळ असलेल्या या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, घाटघर, रतनवाडी अशी फेरी आहे. ती महिन्यातील एका रविवारी सकाळी नऊपर्यंत पर्यटकांच्या मोटारींना बंद ठेवण्याचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. हा परिसर अहिल्यानगर जिल्ह्यात, शिवाय अभयारण्यात येतो. त्यामुळे तेथील जिल्हाधिकारी, वन विभाग आणि ग्रामपंचायती यांची संमती लागेल. एसटी, रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या आणि गावकऱ्यांच्या दुचाकी यांना अर्थातच या बंदीतून वगळावे लागेल.