पंगतींतून उभी राहिलेली संस्था

जेवणावळींच्या याद्या जुन्या दप्तरांत वारंवार सांपडतात. परंतु संशोधक त्या बहुधा बाजूस सारतात. पंगतींतून संस्थाही उभी राहते, याचें एक इंग्रजी उदाहरण आम्ही येथें देत आहों.

लंडनचे डॉ. डडली बेंजाफील्ड हे व्यवसायानें जंतुशास्त्रज्ञ, परंतु बेंटले मोटारी शर्यतींत हांकणाऱ्या मंडळींपैकीं एक. सन १९२७ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत व्हाइट हाउस नांवाच्या ठिकाणीं अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. बेंटलेच्या तिन्ही गाड्या त्यांत सांपडल्या. पैकीं दोन बाद झाल्या. तिसरी मोडक्या स्थितींतच हांकून सॅमी डेव्हिस व बेंजाफील्ड यांनीं शर्यत जिंकली. पुढें लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत विजयाप्रीत्यर्थ भोजन झालें, तेव्हां ती गाडीच मानाची पाहुणी म्हणून भोजनगृहांत आणिली गेली.

बेंजाफील्ड आपल्या घरीं शर्यतकार मित्रांस जेवावयास बोलावीत. याच बैठकींतून सन १९२८ मध्यें ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब जन्मास आला. परदेशच्या शर्यतकारांचें आदरातिथ्य करणें हा त्याच्या मूळ उद्देशांपैकीं एक होता. हाच क्लब सन १९७१ मध्यें सिल्व्हरस्टोनच्या शर्यतभूमीचा धनी झाला.

यावरून आमचें मत असें कीं, संस्थेचा आरंभ केवळ तिच्या घटनापत्रांत शोधणें पुरेसें नाहीं. निमंत्रणपत्रिका, पदार्थांची यादी, तीवरील पाहुण्यांच्या सह्या हीं देखील अस्सल साधनेंच होत. संग्राहकांनीं असे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत, अशी आमची विनंति आहे.