खिडकीला शिंपला, डोळ्याला काच

पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या घरांत खिडक्यांना काच नसे. समुद्रात मिळणाऱ्या एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याच्या चकत्या कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. मुंबईतही एकोणिसाव्या शतकापर्यंत अशा खिडक्या होत्या. काच महाग, जहाजाने येणारी, वाटेत फुटणारी. पण त्या काळातल्या लाकडी संतमूर्ती जवळून पाहिल्या, तर काहींचे डोळे काचेचे निघतात. माणसांच्या खिडकीत यायला काचेला उशीर झाला; संतांच्या डोक्यात ती आधी शिरली.

मी डोंगरीचा. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागणारं हे गाव पूर्वी धारावी बेटात मोडायचं. (माहीमजवळची धारावी नव्हे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतली ती ही.) इथलं बेथलेहेम माउलीचं देऊळ १६१३चं. देऊळच, आम्ही ईस्ट इंडियन चर्चला देऊळ म्हणतो.

लाकडात काच बसवण्याची कला स्पेन-पोर्तुगालमध्ये सतराव्या शतकात भरात होती. कारागीर चेहरा पूर्ण कोरायचा आणि मग तोच चेहरा करवतीने मुखवट्यासारखा उतरवायचा. मला यातलं धाडस फार आवडतं. मागच्या बाजूने डोळ्यांची खोबण पोखरायची, आतून बुबुळ रंगवलेली काचेची पातळ वाटी तिच्यात बसवायची, चेहरा सरसाने परत जोडायचा. वरून लेप आणि रंग चढला की सांधा दिसत नसे. जपान्यांनी हे त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. नारा प्रांतातल्या चोगाकुजी मंदिरातल्या ११५१च्या बुद्धमूर्तीला स्फटिकाचे डोळे आहेत. या पद्धतीत भिंगामागे कागद लावून ते लाकडी पट्टीने दाबत आणि बांबूच्या खिळ्यांनी पक्कं करत. म्हणजे चिकटवण्यापेक्षा अडकवण्यावर भर.

त्याचं कारण मला आमच्या घरच्या मूर्तीमुळे कळलं. मूर्ती सागवानी, दोन हात उंच. पिढ्यानपिढ्या ऑइलपेंटचे थर चढत गेल्याने डोळे रंगवलेलेच आहेत असं सगळे समजत होते. एका पावसाळ्यात उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा सुटला आणि खाली काच चमकली. बोट लावलं तर डोळा हलत होता. आजी म्हणायची, "ती पावसात नजर चुकवते." आम्ही हसायचो.

हिशेब साधा आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं. मूर्तीत रेषा उभ्या असतात, त्यामुळे गोल खोबण पावसाळ्यात आडवी लांबट होते. एक सेंटिमीटरची खोबण सुमारे एक दशांश मिलिमीटरने रुंदावते. काचेला दमटपणाचं काही नाही; तापमान पंधरा अंशांनी बदललं तरी तेवढीच काच मिलिमीटरच्या एक सहस्रांशाच्या आसपास हलते. म्हणजे शंभर पटींच्या घरातला फरक. पावसात डोळा सैल, कोरड्या दिवसांत घट्ट. मध्ये दगडासारखं कडक काही भरलं, तर लाकूड आकसताना काच तरी तडकणार किंवा पापणी तरी.

काकांना सणाआधी इपॉक्सी भरून, वर नवा रंग मारून मोकळं व्हायचं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. घरी माणसं येणार, माउलीचा डोळा लोंबकळतोय, बरं दिसतं का? फायबरची नवी मूर्ती घ्यावी, असंही एकाने सुचवलं. मी त्यांना गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजातल्या आर्चडायोसेसन हेरिटेज म्युझियममध्ये घेऊन गेलो. तिथल्या जुन्या लाकडी मूर्तींसमोर ते बराच वेळ चेहऱ्याच्या कडेचा सांधा शोधत उभे राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "रंग नको मारूया मग."

डोळ्यामागे आम्ही मधमाशीचं मेण थोडी राळ घालून भरलं. ते दबतं आणि गरम केलं की निघतं.

"पुढच्या पावसात परत हलला तर?" काकांनी विचारलं.

"परत मेण."

"दरवर्षी?"

"लागलं तर दरवर्षी."

आजीने मेणाचा उरलेला गोळा कागदात गुंडाळून मूर्तीच्या मागे ठेवून दिला.