खपली धरली म्हणजे जखम बरी झाली?

"डॉक्टर, पट्टी नको, हवा लागली की जखम लवकर सुकते," असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी सांगतंच. तुमच्याही घरात हेच ऐकलं असेल. यात चूक तुमची नाही. १९६२ पर्यंत बहुतेक डॉक्टरांचंही मत हेच होतं. जखम ओली राहिली की जंतू वाढणार, ही भीती त्यामागे होती.

त्या वर्षी इंग्लंडमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांनी डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या. (डुकराची कातडी आपल्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते, म्हणून.) काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर साधं पॉलिथिन चिकटवलं. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली.

असं का झालं? वरवरच्या जखमेत नव्या त्वचेच्या पेशी कडेने आणि केसांच्या मुळांपासून सरकत येतात. त्यांना सरकायला ओलावा लागतो. जखम उघडी राहिली की वरचा थर वाळून कडक खपली होते. मग पेशींना तिच्याखालून, ओल्या थरापर्यंत खोल जाऊन वाट काढावी लागते. म्हणजे आपण ज्या खपलीकडे बघून खूश होतो, तीच वाटेत आडवी येते! पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाक यांना माणसांच्या त्वचेवरही असंच आढळलं.

आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पारदर्शक ड्रेसिंगचं मूळ या कामात आहे. तरीही कोरडं गॉज चिकटवून ते रोज ओढून काढणं अजून चालतं. त्यासोबत नवी कोवळी त्वचाही निघून येते, आणि पेशंट कळवळतो तो वेगळाच.

गुडघा खरचटला तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, न चिकटणारी पट्टी बांधा आणि ती रोज बदला. हळद, चुना, टूथपेस्ट नको. ओलावा म्हणजे पू नव्हे. पण लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर लगेच दाखवा. खोल जखम, भाजणं, मधुमेहींच्या पायाची जखम यांवर घरी प्रयोग करू नका. कुत्रा चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि पट्टी न बांधता त्याच दिवशी दवाखाना गाठा.