पूर्वजांचा नरक

सोलापूर-नगरकडच्या मिशनच्या इतिहासाविषयी बोलताना आपण शाळा, दवाखाने आणि दुष्काळातील मदत यांपाशी थांबतो. त्या इतिहासातील एका शब्दाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तो शब्द म्हणजे नरक.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द पुराणांतून उचलला. पण पुराणांतला नरक संपतो. पापाचा भोग सरला की जीव पुढच्या जन्माला मोकळा होतो. मिशनरी सांगत तो नरक अनंत होता. शब्द ओळखीचा आणि अर्थ मात्र परका, ही अडचण केवळ भाषांतराची म्हणता येणार नाही.

ती नेमकी पकडली काशीतल्या एका चित्पावन तरुणाने. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाला उत्तर म्हणून नीळकंठशास्त्री गोरे यांनी 1844 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मर्यादित आयुष्यातील पापाला अमर्याद शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्याचा अपराध कोणता? प्रश्न नैयायिकाच्या शिस्तीचे आहेत. विलक्षण हे की, प्रश्न विचारणाऱ्याने 1848 मध्ये जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेतला. शंकांनी मात्र पुढेही त्यांचा पिच्छा सोडला नाही.

दुसरा प्रश्न चार दशकांनी थेट अमेरिकेत पोचला. मुंबई, अहमदनगर, सातारा, सोलापूर या भागांत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम 1886 मध्ये रजेवर मायदेशी होते. शुभवर्तमान न ऐकताच मेलेल्यांना मरणोत्तर संधी मिळू शकते, या मताला वाव असावा, असे अँडोव्हरच्या धर्मशास्त्रज्ञांप्रमाणे त्यांनाही वाटत होते. ते त्यांनी बोलून दाखवले आणि अमेरिकन बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात परत पाठवणे रोखून धरले. मोठा वाद होऊन 1887 मध्ये परवानगी मिळाली. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा. श्रोत्यांचे आजे-पणजे कायमचे जळत आहेत असे त्यांच्या तोंडावर सांगणे म्हणजे काय, हे बॉस्टनमधल्या समितीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असणार. 1876-78 च्या दुष्काळात सोलापूर-नगर पट्ट्यात किती माणसे काहीच न ऐकता मेली, हेही त्यांच्या मनात असेल काय? असावे, असे मला वाटते.

पुढे याच मिशनमध्ये, ह्यूम यांच्या सहवासात, नारायण वामन टिळक वावरले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. त्या वाटेवरच्या तुकोबांना ते कोणत्या नरकात ठेवणार होते?