मशेरी ‘लावतात’

मराठीत विडी ओढतात, तपकीर ओढतात, तंबाखू खातात. मशेरी मात्र लावतात. कुंकू लावावं, डोक्याला तेल लावावं, तशी. त्यामुळे ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाई अगदी खरेपणाने सांगते, ‘छे हो, मी फक्त मशेरी लावते.’ मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. पण हे क्रियापद तिला व्यसनातून उचलून थेट मोरीपाशी, दात घासण्याच्या जागी नेऊन ठेवतं.

तंबाखू मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. उत्तरेकडे ती गेली ती दख्खनमधून. अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन गेला, साधारण १६०४च्या सुमारास. बादशहाने झुरके घेतले, हकिमाने नाक मुरडलं. १६१७मध्ये जहांगीराने बंदी घातली. ती किती पाळली गेली हे पुढच्या चारशे वर्षांनी दाखवलंच.

पुरुषांची तंबाखू पहिल्यापासून चारचौघांतली. चिलीम हातोहात फिरते, चंची समोरच्यापुढे सरकवली जाते, ‘चुना आहे का?’ एवढ्यावर अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं. विडी, मावा, विदर्भातला खर्रा, गुटखा हा सगळा पुढचा विस्तार. त्यात नवं फार थोडं, पुडी तेवढी नवी.

बायकांना ही बैठक नव्हती. त्यांच्यासाठी दुसरी वाट आधीच मळलेली होती. दात काळे करण्याची चाल आपल्याकडे जुनी. हिरडा, मायफळ, लोहाचे क्षार अशा जिनसांचं दातवण सवाष्णी लावत. उत्तरेत त्याला मिस्सी म्हणत. बोटाने काळी पूड दातांना लावणं हे साजाचं आणि सौभाग्याचं काम होतं. मशेरी त्याच बोटाने, त्याच जागी आली. तंबाखूला घरात शिरायला याहून सभ्य दार कुठलं मिळणार होतं?

चाळीत कुणाकडे मशेरी भाजायला घेतली की मजलाभर कळायचं. ठसका लागायचा, पोरांना बाहेर पिटाळलं जायचं. सकाळी उठल्याबरोबर एकदा, कामं आटोपल्यावर दुपारी, मग रात्री निजताना. एवढ्या वेळा दात कोण घासतं, हा प्रश्न कुणाला पडत नसे. सुरुवात बहुधा दाढदुखीने झालेली असायची. शेजारणीने चिमूटभर दिली, बरं वाटलं, आणि ती राहिलीच. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार तर सार्वत्रिक. ती खोटी नाही. निकोटिन आतड्यांना चाळवतं. भूकही मारतं, आणि रोजावर जाणाऱ्या बाईला तो उपयोग सांगावा लागत नाही.

हे सारं मोजलं गेलं ते १९९०नंतरच्या मुंबईत. मतदारयाद्या घेऊन, हातात मावणारे संगणक बाळगत सर्वेक्षक पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ माणसांपर्यंत पोचले. पुरुषांत तंबाखू घेणारे ६९.३ टक्के निघाले, त्यात कुणाला नवल वाटलं नसावं. बायकांत ५७.५ टक्के निघाल्या! त्यांच्यातली जवळजवळ एकही धूर सोडत नव्हती, आणि सर्वाधिक चाल मशेरीची होती. ‘बायका कुठे तंबाखूला शिवतात’ म्हणणाऱ्या शहराच्या कितीतरी मोऱ्यांत डबी होती.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के बायका तंबाखू घेताना आढळल्या. धूम्रपान करणाऱ्या बायका फक्त १.४ टक्के. वय, वस्ती सगळं वेगळं, त्यामुळे हे आकडे मुंबईच्या आकड्यांशेजारी मांडून घट मोजणं चुकीचं. धूर नाही हे मात्र दोन्हीकडे सारखं. आणि आपली सगळी चीड धुरावर असते.

धूर नसला तरी हिशेब चुकत नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मशेरी लावणाऱ्या आईला आपण गरोदरपणी तंबाखू घेतली असं वाटलेलंही नसतं.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्राने १९९२मध्ये बंदी केली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कायदा कारखान्यातल्या डबीपर्यंत पोचला. वाण्याकडून सुटी पानं आणून घरच्या तव्यावर भाजणारीपर्यंत तो पोचणार कसा? तिच्याकडे ना कंपनी, ना वेष्टन, ना इशाऱ्याचं चित्र.

तेव्हा घरातल्या आत्याला, कामाला येणाऱ्या मावशींना विचारायचं झालं, तर ‘तंबाखू खाता का’ असं विचारू नका. ‘मशेरी लावता का, आणि दिवसातून किती वेळा?’ असं विचारा.