ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातले संरक्षित क्षेत्र. 6 ऑगस्ट 2015 रोजी राज्य शासनाने ते अभयारण्य म्हणून घोषित केले. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. त्यात निम्म्याहून थोडी अधिक कांदळवने, उरलेला भाग पाण्याचा. 2022 मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह सुमारे 6,521 हेक्टरला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लक्षावधी माणसांच्या वस्तीला खेटून एवढी पाणथळ टिकून आहे, हीच मोठी गोष्ट.

अभयारण्य पश्चिम काठावर असले तरी पाहायला जायचे ते पूर्वेच्या ऐरोलीला. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिथे 2017 मध्ये, जर्मनीच्या सहकार्यातून, उभे राहिले. देवमाशाचा सांगाडा, प्रतिकृती आणि माहितीफलक पाहून मगच बोटीत बसावे. खाडीत नुसता राखाडी चिखल दिसतो. त्यात काय काय जगते, याची ओळख केंद्रातच होते. तिवराची श्वासमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात, कारण त्या गाळात मुळांना हवा मिळत नाही. त्यांच्या मधूनच निवट्या परांवर रेटा देत सरकतात. मासा असून ओलसर कातडीतून श्वास घेता येत असल्याने ओहोटीतही त्यांचे अडत नाही.

बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते. भर ओहोटीला बोटीला पाणी पुरत नाही, आणि पूर्ण भरतीला चिखल बुडून पक्षी उठून जातात, पुष्कळसे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे. म्हणून सोयीच्या रविवारापेक्षा आधी भरतीचे वेळापत्रक बघावे.

इथे छोटा आणि मोठा असे दोन्ही रोहित (फ्लेमिंगो) येतात. संख्येने छोटा कितीतरी जास्त. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्याची गडद, काळसर तांबडी. छोटा रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक जाळीत नीलहरित शैवाल गाळून घेतो. गुलाबी रंग याच खाद्यातून येतो. पिल्ले राखाडी असतात. नोव्हेंबरच्या सुमारास थवे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. इथे ते घरटी करत नाहीत. वीण कच्छच्या रणात.

शहराच्या सांडपाण्याने शैवाल वाढते आणि त्यावर रोहितांची गर्दी होते, असे अभ्यासक मानतात. हे समाधानाचे नव्हे. तेच पाणी, कारखान्यांची रसायने आणि प्लास्टिक कोळ्यांच्या जाळ्यातली कोळंबी, बोईट, चिंबोरी संपवत आले आहे. रात्रीच्या उड्डाणातही धोका आहेच: 20 मे 2024 रोजी घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. खाडीकाठच्या तळ्यांवर भराव पडला तर भरतीच्या वेळी त्यांनी बसायचे कुठे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

रोहित नसतानाही खंड्या, शेकाट्या, बगळे आणि ब्राह्मणी घार दिसतात; कांदळवनात कोल्हेही आहेत. कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून वाशी-पनवेलकडची लोकल धरावी आणि ऐरोलीला उतरून रिक्षा करावी.