बेट न सोडणारा प्रॉस्पेरो

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’च्या अखेरीस प्रॉस्पेरो जादूविद्येचा त्याग करतो, एरिअलला मुक्त करतो आणि मिलानला परतण्याच्या तयारीस लागतो. उपसंहारात तर तो या बेटावरून आपली सुटका व्हावी, अशी प्रेक्षकांनाच विनंती करतो. कॅलिबनचे पुढे काय होते, याविषयी मात्र संहिता मौन पाळते. तो धन्याबरोबर जातो की बेटावर राहतो, हे कळत नाही. मार्तिनिकचा कवी-नाटककार एमे सेझेर याने ‘युन तांपेत’ (१९६९) या आपल्या नाटकात नेमके हे मौन भरून काढले. या पुनर्कथनाचा विचार बहुधा ‘गुलामाला नायकत्व देणारे नाटक’ एवढ्यापुरताच केला जातो. परंतु त्याचे खरे ऐतिहासिक मर्म कॅलिबनच्या बंडापेक्षा प्रॉस्पेरोच्या न जाण्यात आहे.

‘द टेम्पेस्ट’चा १६११ मधील राजदरबारातील प्रयोग इतिहासाला ज्ञात आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १६०९ मध्ये, व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे निघालेले ‘सी व्हेंचर’ हे जहाज बर्म्युडाच्या किनाऱ्यावर फुटले होते. नाटकातील बेट भूमध्य समुद्रात, ट्यूनिस व नेपल्स यांच्या दरम्यान असले, तरी त्याच्या कल्पनेमागे अटलांटिकपलीकडच्या या वृत्तांतांची सावली आहे. म्हणून हे नाटक वसाहतवादाचे समर्थन करते असे मात्र नव्हे. बेटावरचा आपला वारसाहक्क ठणकावून सांगण्याची संधी कॅलिबनला शेक्सपिअरनेच दिली आहे. मात्र तो हक्क उच्चारला जातो तो मिरांडावरील बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप असलेल्या पात्राच्या तोंडून. हक्क ऐकू यावा, पण ऐकणाऱ्याला तो मान्य करावा लागू नये, अशी ही रचना आहे.

सेझेरपर्यंत हे नाटक केवळ शेक्सपिअरच्या संहितेतून पोचले नाही. १९४७ मध्ये मादागास्करमधील उठाव फ्रेंच सत्तेने क्रूरपणे चिरडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५० मध्ये, ओक्ताव्ह मानोनीने वसाहतीकरणाच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात प्रॉस्पेरो व कॅलिबन यांचा प्रतिमाने म्हणून उपयोग केला आणि मालागासी माणसाच्या ठायी परावलंबनाची मानसिक गरज असते, असे प्रतिपादन केले. सेझेरने त्याच वर्षीच्या वसाहतवादावरील आपल्या निबंधात आणि फ्रांत्स फानोंने १९५२ मध्ये या प्रतिपादनावर कठोर टीका केली. तेव्हा ‘युन तांपेत’ ही शेक्सपिअरशी झालेली थेट गाठ नसून, शेक्सपिअरचा जो वापर वसाहतवादी ज्ञानाने केला, त्याला दिलेले ते उत्तर आहे.

या उत्तराची सुरुवात शीर्षकापासूनच होते. फ्रेंचमधील निश्चित उपपद टाकून सेझेर अनिश्चित उपपद योजतो: हे ‘ते’ वादळ नव्हे, अनेकांपैकी ‘एक’ वादळ. त्याचा कॅलिबन कृष्णवर्णी गुलाम आहे आणि एरिअल मिश्रवर्णी गुलाम. प्रॉस्पेरोचा सदसद्विवेक जागवावा असे एरिअलला वाटते, तर कॅलिबनला ते व्यर्थ वाटते. बलात्काराचा आरोप कॅलिबन फेटाळतो आणि ती विकृती प्रॉस्पेरोच्याच मनातली असल्याचे बजावतो. अन्यत्वाची घडण कशी होते, याचे हे नेमके दर्शन होय. ‘अन्य’ हा आधी सापडत नाही. स्वतःत नको असलेले ज्याच्यावर लादता येते, तो ‘अन्य’ ठरतो.

कॅलिबनचा पहिला शब्द ‘उहुरू’ हा आहे. स्वाहिलीत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. मूळच्या कॅलिबनला शिकवलेल्या भाषेचा उपयोग शिव्याशापांपुरता झाला. हा कॅलिबन त्या भाषेबाहेरचा शब्द घेऊनच रंगमंचावर येतो आणि पुढे आपले नावही नाकारून स्वतःला ‘एक्स’ म्हणवून घेऊ इच्छितो. येथे एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेची भाषा. कॅरिबियनमध्ये आणलेले गुलाम प्रामुख्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेतले. नाटकात अवतरणारा एशू हा देव योरुबांचा. म्हणजे कॅलिबनची ही ‘मूळ’ ओळख वारशाने आलेली नाही, ती निवडलेली आहे. गुलामगिरीने खरी नावे पुसून टाकली असल्यामुळेच ‘एक्स’ हे रिकामे चिन्ह अधिक प्रामाणिक ठरते.

आणि तरीही कॅलिबनला विजय मिळत नाही. प्रॉस्पेरो छाती पुढे करतो तेव्हा तो त्याला मारू शकत नाही, कारण तो खुनी नाही. जहाज निघते, पण प्रॉस्पेरो मागे राहतो. संस्कृतीच्या रक्षणाचे निमित्त त्याला पुरते. काळ लोटतो. थकलेला, थंडीने गारठलेला प्रॉस्पेरो आता आपण दोघेच उरलो असल्याचे पुटपुटत कॅलिबनला हाका मारतो. दुरून लाटांच्या आवाजात मिसळलेले स्वातंत्र्यगीताचे तुकडे तेवढे ऐकू येतात.

या शेवटामागे मार्तिनिकचा इतिहास उभा आहे. १९४६ मध्ये मार्तिनिक वसाहत न राहता फ्रान्सचा ‘विभाग’ बनले आणि त्या कायद्याचा संसदेतील प्रस्तावक स्वतः सेझेरच होता. समान नागरिकत्वातून समता येईल, ही त्यामागील आशा होती. १९६९ पर्यंत आफ्रिकेतील बहुतेक फ्रेंच वसाहती स्वतंत्र झाल्या होत्या. नाटकाचा पहिला प्रयोगही ट्युनिशियातील हम्मामेत येथे, म्हणजे १९५६ मध्ये स्वतंत्र झालेल्या भूमीवर झाला. मार्तिनिकमधून मात्र प्रॉस्पेरो गेला नव्हता. ते आजही फ्रान्सचाच भाग आहे.

म्हणून ‘युन तांपेत’ला केवळ भूमिकांची अदलाबदल मानणे अपुरे ठरते. शेक्सपिअरचा प्रॉस्पेरो जाऊ शकतो, कारण त्याला परतण्यासाठी मिलान आहे. सेझेरचा प्रॉस्पेरो जाऊ शकत नाही, कारण कॅलिबनवाचून तो कोणीच नाही. अन्यत्व निर्माण करणाराच अखेर त्याच्यावर अवलंबून राहतो: मानोनीचे परावलंबन येथे धन्याच्या पदरात पडते. पण हा न्याय अपुरा आहे, आणि सेझेरला ते ठाऊक आहे. गाणे ऐकू येते. गाणारा दिसत नाही. स्वातंत्र्याचा उच्चार झाला आहे, बेटाची मालकी मात्र अनिर्णीतच राहते.